केसपेपरवर काय लिहिले जाते: जातीचा त्रास घेऊन समुपदेशकाकडे जाणाऱ्यांसाठी

काही वर्षांपूर्वी बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, नोकरी करणारा एक तरुण येत असे. (ओळख पटेल असे सगळे तपशील मी बदलले आहेत.) त्याची झोप उडाली होती, जेवण कमी झाले होते आणि रविवारी संध्याकाळपासूनच त्याच्या पोटात गोळा येत असे. दुसऱ्या बैठकीत त्याने सांगितले, की जातीच्या दाखल्याची फाइल कार्यालयात कोणाच्या तरी नजरेस पडल्यापासून दुपारी बरोबर जेवणाऱ्या तिघांपैकी दोघांनी टेबल बदलले, आणि तिसऱ्याने बोलता बोलता आपला डबा वीतभर स्वतःकडे ओढून घेतला. मी मान डोलावली आणि कागदावर इंग्रजीत तीन शब्दप्रयोग लिहिले, ज्यांचा अर्थ होतो: अतिसंवेदनशील, सहकाऱ्यांविषयी संशयी, नाकारले जाण्याची भीती. समोर बसून तो माझे अक्षर उलट्या बाजूने वाचत होता, हे माझ्या ध्यानातही आले नाही. तो म्हणाला, "मॅडम, डबा सरकवला ते तुम्ही लिहिलंच नाहीत." तिसऱ्या बैठकीनंतर तो आला नाही.

मी बडोद्यातल्या मराठी ब्राह्मण घरात वाढले. त्या तरुणाशी मी वाईट बोलले नाही, फीही कमी घेतली, आणि तरीही त्याच्यावर जे घडले ते मी त्याच्या मनाचा दोष म्हणून नोंदवले. टेबलाच्या या बाजूला बसून केसपेपर कसा भरला जातो हे मला नेमके ठाऊक असल्यामुळे, टेबलाच्या त्या बाजूला बसणाऱ्याने काय करावे हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे. माझे सांगणे एवढेच आहे, की घडलेली घटना आधी आणि लक्षण नंतर, या क्रमाने आपली हकिकत कागदावर उतरेल असे पाहावे, कारण पुढचे सगळे उपचार त्या कागदाच्या आधाराने चालतात.

त्याआधी एक गोष्ट. जीव नकोसा झाला असेल, स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर योग्य समुपदेशक सापडेपर्यंत थांबू नये. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे, तो चोवीस तास चालतो आणि तेथे मराठीतही बोलता येते. नाहीतर जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात घरच्या कोणाला तरी बरोबर घेऊन जावे. जातीचा प्रश्न तेव्हा नंतर काढला तरी चालतो.

दुखणे जुने आहे

अन्यायावरच्या प्रतिक्रियेला आजाराचे नाव देण्याची सवय या व्यवसायाला फार पूर्वीपासून आहे. १८५१ मध्ये सॅम्युअल कार्टराइट नावाच्या अमेरिकी डॉक्टराने, मालकाकडून पळून जाणाऱ्या कृष्णवर्णीय गुलामांना 'ड्रॅपेटोमेनिया' हा मनोविकार झालेला असतो असे मांडले आणि त्यावरच्या उपायांत चाबूकही सांगितला. पळून का जावेसे वाटते, हा प्रश्न त्याला पडला नाही. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या व्यवसायातील वंशभेदाबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२१ च्या जानेवारीत, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेनेही मागितली. इंग्लंडमध्ये मानसिक आरोग्याच्या कायद्याखाली इच्छेविरुद्ध दाखल केल्या जाणाऱ्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने गोऱ्यांच्या तिपटीहून अधिक असल्याचे तिथले सरकारी आकडेच वर्षानुवर्षे दाखवतात. आपल्याकडे १९१८ साली रांचीजवळ कांके येथे जे मनोरुग्णालय उघडले, ते फक्त युरोपीय रुग्णांसाठी होते. भारतीय रुग्णांसाठीचे वेगळे होते.

या इतिहासाचे आपल्याकडचे रूप जात हेच आहे. फरक इतकाच, की कातडीचा रंग लांबून दिसतो, आणि जात विचारून काढावी लागते. "आडनाव काय?", "मूळ गाव कोणतं?", "घरी मांसाहार चालतो का?" हे प्रश्न आपण सगळ्यांनी ऐकले आहेत. बडोद्यात त्यात गुजरातीतल्या "तमे केवा?" या निरागस दिसणाऱ्या प्रश्नाची भर पडते, ज्याचा शब्दशः अर्थ 'तुम्ही कसे?' असा असला तरी विचारणाऱ्याला उत्तरात जातच हवी असते.

जाण्यापूर्वी एक पान लिहावे

समुपदेशकाकडे जाण्याच्या आदल्या दिवशी वहीचे एकच पान लिहावे, आणि त्यात 'मला अपमानास्पद वाटते', 'माझा आत्मविश्वास गेला आहे' अशी वाक्ये शेवटी ठेवावीत. वर लिहायचे ते वार, जागा, कोण होते, काय बोलले, काय केले, आपण काय केले, आणि त्या रात्री शरीराचे काय झाले. उदाहरणार्थ: "मंगळवार, जेवणाची सुट्टी. आम्ही चौघे होतो. एक जण म्हणाला, तुम्हाला काय, सगळं फुकट. दोघे हसले. मी डबा न संपवता उठलो. रात्री दोनपर्यंत जागा होतो. बुधवारी कामावर गेलो नाही." एवढे पुरते. ऐकणाऱ्याला यातून 'संशयी' असा शब्द काढायचा झाला, तर त्याला आधी तो मंगळवार पुसावा लागेल, आणि ते कठीण जाते.

असे कसे लिहावे याचा नमुना याच शहराच्या इतिहासात आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकून बाबासाहेब आंबेडकर १९१७ मध्ये करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी हातात काठ्या घेऊन आले आणि त्यांनी त्यांना बाहेर काढले. ज्या मित्रांकडे आसरा मागितला तिथेही तो मिळाला नाही. मुंबईची गाडी रात्री नऊला होती, म्हणून मधले पाच तास त्यांनी कमाटी बागेत, म्हणजे आजच्या सयाजीबागेत, काढले. हे सगळे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, आणि ते वाचताना मनात रुतते ते कोणतेही विशेषण नव्हे. रुततात ते अकरा दिवस, त्या काठ्या आणि ते पाच तास. कचेरीतले शिपाई कागदपत्रे लांबून टेबलावर फेकत, हे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. हे वर्णन ऐकून कोणी 'अतिसंवेदनशील' असा शेरा मारला असता, तर शेरा मारणाऱ्याचीच परीक्षा झाली असती.

घरच्या माणसांचाही विचार आधीच करून ठेवावा. पुष्कळ घरांत आई-वडील सांगतात, की त्रास सांग, पण जात सांगू नकोस. त्यांची भीती अनाठायी नाही, आणि पहिल्याच बैठकीत जात सांगितली पाहिजे असा कोणताही नियम नाही. दोन बैठकी माणूस पारखून तिसऱ्या वेळी सांगितले तरी बिघडत नाही. सरकारी ओपीडीच्या अर्जावर जातीचा किंवा प्रवर्गाचा रकाना असेल, तर तो कशासाठी आहे हे खिडकीवर विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. बहुतेक वेळा तो एखाद्या योजनेच्या सवलतीसाठी असतो आणि उपचारांशी त्याचा संबंध नसतो.

कोणाकडे जावे

येथे बडोद्याच्या मराठी माणसाची एक खास अडचण आहे आणि ती मी कुठे लिहिलेली पाहिलेली नाही. मन मोकळे करायचे तर आपल्या भाषेत, म्हणून आपण मराठी समुपदेशक शोधतो. पण गुजराती माणसाला आपले आडनाव ऐकून बहुधा एवढेच कळते, की हे मराठी आहेत, जुन्या बोलीत 'दक्षिणी' आहेत. आडनावावरून जात ओळखणारा माणूस मराठीच असतो. म्हणजे जिथे भाषा मोकळी, तिथेच आडनाव बोलके. यावर सरसकट उत्तर नाही. माझा अनुभव असा, की ज्यांना झोप, भीती, रडू यांविषयी बोलायचे आहे त्यांना मातृभाषेचा फायदा फार मोठा होतो, म्हणून मराठी समुपदेशकाची शक्यता सोडू नये. मात्र निवड करण्यापूर्वी त्याला फोनवर दोन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: "जातीवरून त्रास झालेल्या लोकांबरोबर तुम्ही काम केलं आहे का?" दुसरा प्रश्न: "असा त्रास तुम्ही नोंदीत कसा लिहिता?" पहिल्या प्रश्नाला "आम्ही जात मानतच नाही" असे उत्तर आले, तर ते चांगले लक्षण समजू नये. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण जी गोष्ट तो मानत नाही ती तो ऐकणार कशी? "आता कुठे राहिली आहे जातपात" हे त्याच उत्तराचे दुसरे रूप. "थोडं काम केलं आहे, माझं काही चुकलं तर थांबवून सांगा" असे म्हणणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा जरा गोंधळला तर त्याला दोष देऊ नये, कारण हा प्रश्न त्याला आजवर कोणी विचारलेला नसतो. आपल्याच समाजातला समुपदेशक मिळाला तर सुरुवात सोपी होते, पण तेवढ्यावर सगळे अवलंबून ठेवू नये, वर चढून आलेला माणूसही कधी कधी "मी सोसलं, तू का नाही सोसत?" असे विचारून मोकळा होतो.

नोंदणी मात्र जरूर पाहावी. मानसोपचारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो, त्याची नोंदणी राज्याच्या वैद्यकीय परिषदेकडे असते आणि तो औषधे देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. नुसती 'काउन्सेलर' अशी पाटी लावणाऱ्या अनेकांकडे यांपैकी काहीच नसते. ते वाईट काम करतात असे नाही, पण पुढे तक्रार करायची वेळ आली तर कोणाकडे करायची हा प्रश्न उरतो. पैशांची अडचण असेल तर सयाजी रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, आणि गुजरातमधल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक आपल्या कारेलीबागेत आहे. तेथे भाषेची अडचण आली, तर दुभाष्या म्हणून गल्लीतला ओळखीचा माणूस नेऊ नये. आपली हकिकत संध्याकाळच्या आत दांडिया बाजारात पोहोचलेली असेल.

खोलीत बसल्यावर

हकिकत सांगून झाली, की समुपदेशक काय विचारतो याकडे लक्ष द्यावे. "मग त्या रात्री झोप लागली का?" हा प्रश्न घटनेला नाकारणारा नसतो, तो त्याच्या कामाचाच भाग आहे. जातीचा अपमान झाला म्हणून नैराश्याचा आजार होत नाही असे नाही, तो होतो आणि त्याला कधी कधी औषधेही लागतात. अपमान खरा आणि आजारही खरा, असे दोन्ही एकाच वेळी असू शकते. म्हणूनच डॉक्टरांच्या बोलण्याचा कितीही राग आला तरी चालू असलेल्या गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करू नयेत. डॉक्टर बदलावा आणि गोळ्यांचे काय करायचे ते नव्या डॉक्टरांना विचारावे.

कान टवकारावेत ते वेगळ्या वाक्यांवर. "असं सगळ्यांनाच ऐकावं लागतं", "त्याच्या मनात तसं नसेलही", "तुम्ही त्या नजरेनं बघता म्हणून तसं दिसतं" या वाक्यांत घटना हळूहळू आपल्या डोळ्यांत सरकवली जाते. आरक्षणावर स्वतःचे मत ऐकवणारा समुपदेशक त्या क्षणी समुपदेशक राहिलेला नसतो. तुमच्यात लग्ने कशी होतात, देव कोणते, असे कुतूहलाचे प्रश्न विचारणाऱ्याला आपण फी देऊन शिकवत असतो. आणखी एक प्रकार मी माझ्याच व्यवसायबंधूंत पाहिला आहे: ऐकता ऐकता समुपदेशकाचे डोळे भरतात, तो आपल्या जातीच्या वतीने क्षमा मागू लागतो, आणि मग समोरच्या माणसालाच "नाही हो, तुमचं काय त्यात" असे म्हणून त्याची समजूत काढावी लागते. अर्धा तास त्यातच जातो.

अशा वेळी भांडण न करता एकच वाक्य म्हणावे: "हे माझं वाटणं म्हणून नको, घडलेली घटना म्हणून लिहा." हे वाक्य घरी दोनदा मोठ्याने म्हणून पाहावे, कारण खोलीत आवाज फुटत नाही. चांगला समुपदेशक तिथे थांबतो आणि पुन्हा विचारतो. त्या तरुणाने मला हे वाक्य आपल्या शब्दांत सांगितले होते, आणि मी त्याला उत्तर दिले होते, "हो हो, ते लक्षात आहे माझ्या." लक्षात ठेवणे आणि लिहिणे यांत किती अंतर असते, हे पुढच्या डॉक्टरने माझा कागद वाचला असता तर कळले असते.

कागद, प्रत आणि तक्रार

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा या बाबतीत बऱ्यापैकी स्पष्ट आहे. त्याचे कलम ३ म्हणते, की एखाद्याचा मानसिक आजार त्याच्या राजकीय, आर्थिक वा सामाजिक स्थानावरून, किंवा तो एखाद्या सांस्कृतिक, वांशिक वा धार्मिक गटाचा आहे यावरून ठरवता येणार नाही. त्याच्या समाजात रूढ असलेल्या मूल्यांशी त्याचे पटत नाही एवढ्यावरूनही ठरवता येणार नाही. कार्टराइटसारख्यांना उत्तर द्यायला हे कलम पुरेसे आहे. कलम १८ सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या सेवेत भेदभावाला मनाई करते, आणि तिथे लिंग, धर्म, वर्ग यांबरोबर 'जात' हा शब्द उघड घातलेला आहे. कलम २३ ने माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क मिळतो, आणि कलम २५ ने आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा. गंभीर मानसिक इजा होण्याची शक्यता असेल तर डॉक्टर काही भाग रोखू शकतात, पण सगळीच फाइल देता येत नाही असे काउंटरवरून सांगितले जाते ते बरोबर नाही. अर्ज लेखी द्यावा आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा. तोंडी मागितलेली प्रत 'साहेब आल्यावर' मिळते, आणि साहेब कधी येत नाहीत.

वागणूक भेदभावाचीच असेल तर कलम २८ ने तक्रारीच्या पायऱ्या घालून दिल्या आहेत: आधी त्या आस्थापनेच्या प्रमुखाकडे, समाधान झाले नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे, आणि त्यानंतर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे. कलम २७ खाली मोफत विधी साहाय्य मागता येते. खासगी तज्ज्ञाबद्दलची तक्रार त्याच्या परिषदेकडे जाते, आणि फीची पावती जपलेली असेल तर सेवेतील त्रुटीसाठी ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे.

अत्याचार प्रतिबंधक कायद्याविषयी लोक मला पुष्कळदा विचारतात. जातीवरून रुग्णालयात किंवा दवाखान्यात येऊ न देणे हा १९८९ च्या त्या कायद्याखाली अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींविरुद्धचा गुन्हा आहे. अपमान किंवा जातिवाचक शिवीगाळ यांसाठी मात्र ते लोकांच्या नजरेसमोर घडलेले असावे लागते, आणि चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना बोललेले शब्द त्यात बसत नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले आहे. म्हणजे बंद खोलीत समुपदेशक जे बोलला ते बहुधा या कलमांत येणार नाही. रांगेत बसलेल्या लोकांसमोर बोललेले येऊ शकते. कोण कोण हजर होते हे त्याच दिवशी वहीत लिहून ठेवावे आणि वकिलाला ते पान दाखवावे.

टेबलाच्या या बाजूला बसणाऱ्यांसाठी थोडेसे

आपल्या व्यवसायात येणाऱ्या मुलामुलींना 'कोट्यातली' म्हणून ऐकवले जाते, हे आपण जाणतो. २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी निवासी डॉक्टरने जीवन संपवल्यावर, वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याची तक्रार तिच्या घरच्यांनी केली. जिथे सहकाऱ्याचे ऐकले जात नाही, तिथे रुग्णाचे किती ऐकले जाणार? मी माझ्या पहिल्या मुलाखतीत एक प्रश्न कायमचा घातला आहे: "घरी, शाळेत किंवा कामावर जात, धर्म, भाषा, रंग यांवरून तुम्हाला कधी वेगळं वागवलं गेलं का?" तो मी सगळ्यांना विचारते, देशपांडे-जोशींनाही, कारण फक्त काही आडनावांनाच विचारला तर तो "तमे केवा?" होतो. उत्तर येईल ते त्या माणसाच्याच शब्दांत, अवतरणचिन्हांत लिहिते, आणि निदानाचे शब्द खाली वेगळ्या ओळीत.

शेवटी, समुपदेशक बदलायचा ठरला तर जुन्या केसपेपरची झेरॉक्स बरोबर न्यावी, लपवू नये. त्यावर चुकीचा शब्द असेल तर तो खोडू नये, खाडाखोड केलेल्या कागदावर कोणी विश्वास ठेवत नाही. त्याला आपल्या अक्षरात लिहिलेला एक कागद टाचणीने जोडावा: "दिनांक अमुकच्या नोंदीत 'संशयी' असे लिहिले आहे. त्या दिवशी मी सांगितलेली घटना पुढीलप्रमाणे होती." आणि त्याखाली तो मंगळवार, ती जेवणाची सुट्टी, हजर असलेल्यांची नावे.